ढीग करणाऱ्याने शेवटी उचलावे

मी, भागीरथा मधुकरराव लांजेवार, वय चौऱ्याहत्तर, शिक्षण चौथी पास आणि पाचवीचे दोन महिने, राहणार झिंगाबाई टाकळी, नागपूर, हा कागद स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. कोणी धाक दाखवला नाही, कोणी गोड बोलून बसवले नाही. तब्येत म्हणाल तर गुडघे सोडून सगळे चालते. आमच्या गल्लीतले नागसेन वकील यांनी नमुन्याचा कागद दिला होता, त्यात "जीवन क्षणभंगुर असल्याने" असे होते. ते मी गाळले. चौऱ्याहत्तर वर्षांना क्षण कोण म्हणेल. भरपूर झाली आणि मजेत गेली.

नागसेन म्हणाले, "आजी, मृत्युपत्र थोडक्यात लिहायचं असते." मी म्हटले, बाबू, जन्मभर सगळ्यात काटकसर केली, बोलण्यात कधी केली नाही, आता शेवटी काहून करू. ते हसले आणि कोरे कागद जास्तीचे देऊन गेले. यापूर्वी मी असा कागद केलेला नाही. हाच पहिला आणि हाच शेवटचा.

कलम एक. माझी माणसे.

माझे मालक मधुकरराव खापरखेड्याच्या वीज केंद्रात होते. नऊ वर्षांपूर्वी वारले. मुलगा अंकुश हिंगण्याला कंपनीत आहे, मापे घेण्याचे काम करतो. सून श्वेता. त्यांची मुलगी गार्गी, माझी नात, नोकरीला पुण्यात. माझी मुलगी लतिका उमरेडला भाड्याच्या खोलीत राहते. जावई चार वर्षांपूर्वी गेले. ती तिथल्या शाळेत पोरांची खिचडी शिजवते. तिची मुलगी वेदिका लग्न होऊन भंडाऱ्याला आहे.

एवढ्यांतच वाटायचे आहे. खरे म्हणाल तर वाटण्यासारखे एकच आहे, घर. बाकी सगळे डबे.

हा कागद लिहायचे कारणही इथेच सांगते. मागच्या भाऊबीजेला लतिका आली होती. पोळ्या लाटता लाटता म्हणाली, "आई, तुझ्या मागं मी हक्क सोडून देईन. दादाशी वाकडं नको मले." मी तव्यावरची पोळी उलटायची विसरली. जिला स्वतःचे छप्पर नाही ती छप्पर सोडायची भाषा करून राहिली, आणि तेही मीठ मागावे तशा आवाजात. मी तिला काय बोलणार? सावनेरजवळ माझ्या बापाची तीन एकर जमीन होती. भावांसाठी मीही सही दिली. बदल्यात एक साडी मिळाली आणि माहेर टिकेल असे सगळे म्हणाले. साडी चांगली होती, अकरा वर्षे नेसली. माहेर दोन वर्षांत आटले.

कलम दोन. घर माझे कसे, ते.

नावावर माझ्या आहे, कागद लोखंडी पेटीत आहेत. लोक म्हणतात मधुकररावांनी बायकोच्या नावाने घेतले. तसे नाही. ते दर महिन्याला किराण्याचे पैसे हातावर ठेवत आणि पुन्हा विचारत नसत. मी तूर नवी आली की घ्यायची, मिरची होळीच्या आत भिवापूरकडची घ्यायची, भाजीला बाजार उठताना जायची, तांदळात उपमा-खिचडीपुरती कणी वेगळी आणायची. जे उरे ते पोस्टात. प्लॉटचा पहिला हप्ता भरायची वेळ आली तेव्हा ते कपाळाला हात लावून बसले होते. मी पुस्तक समोर ठेवले.

"हे कुठून आलं वं?"

"तुमच्याच ताटातून. कधी कमी लागलं का?"

ते बराच वेळ आठवत राहिले. म्हणाले, "नाही." आणि दुसऱ्या दिवशी सरळ माझ्या नावाने पावती केली. त्या माणसाने जन्मात एकदाच माझी तारीफ केली, ती रजिस्ट्री ऑफिसात.

कलम तीन. तेरवी.

माझ्या तेरवीला वरण, भात, पोळी, एक भाजी, बुंदी. दोन भाज्या नकोत, लोक दुसरी टाकतात. महत्त्वाचे म्हणजे घाईत चौकातल्या दुकानात जाऊ नये. मयत झालेल्या घराला भाव विचारायची लाज वाटते, हे दुकानदाराला पक्के ठाऊक असते. मधुकररावांच्या वेळी आम्ही सगळे मान खाली घालून उभे होतो आणि त्याने तेलाचा डबा वाट्टेल त्या भावाने लावला. मी पांढऱ्या कपाळाने काय घासाघीस करणार होती. म्हणून आताच सांगून ठेवते : इतवारीच्या ठोक बाजारातून आणा, श्वेताला पाठवा, आणि तिने भाव विचारावा. रडून झाल्यावर जावे, रडत जाऊ नये.

कलम चार. किरकोळ वस्तू.

पत्र्याच्या तीन कोठ्या, तराजू आणि मापे श्वेताला. सासू-सुनेचे आमचे बाकी काहीही असो, या कामात ती माझ्यापेक्षा वरचढ निघाली. पाकीट उलटे करून आधी वजन वाचते, मग किंमत. बिस्किटांचा पुडा तेवढाच दिसतो आणि आतून वीस ग्रॅम गायब होतात, हे मला तिने दाखवले. मला वाटायचे माझीच भूक वाढली.

चौकातल्या किराणावाल्याने सुट्या पैशांऐवजी वेळोवेळी दिलेल्या गोळ्या निळ्या झाकणाच्या बरणीत साठवल्या आहेत. त्या त्याला परत द्याव्यात आणि तेवढ्याचा गूळ आणावा. त्याने "आजीबाई, गोळ्या चालत नाही" असे म्हटले तर म्हणावे, मग इतकी वर्षे कशा चालवल्या.

बँकेत जे असेल त्यातून आधी तेरवी. उरेल ते गार्गी आणि वेदिकेला निम्मे निम्मे.

कलम पाच. गार्गीसाठी.

हे कलम लिहिताना मला फार आनंद होऊन राहिला, म्हणून सावकाश लिहिते. मागच्या पावसाळ्यात पुण्याहून गार्गीचा फोन आला. एरवी ती "आजी जेवली का" विचारते आणि ठेवते. त्या दिवशी म्हणाली, "आजी, पगार वीस तारखेलाच संपते. किराण्याचं बिल पाहून मलेच समजत नाही की मी एकटी खाते का बारा जणं." मी म्हटले, आज काय मागवलं? म्हणाली, सांबार, ज्याला पुण्यात कोथिंबीर म्हणतात. एक जुडी सांबार, आणि ती एकटी बरी दिसत नाही म्हणून सोबत चिप्स, आणि घरपोच फुकट व्हावे म्हणून एक चॉकलेट. दहा मिनिटांत आले.

मी सांगितले, बाई, जी वस्तू दहा मिनिटांत येते ती दहा मिनिटे विचारही करू देत नाही. आता फोन कानाला धर आणि घरातले सगळे डबे उघड. बाजार आपल्या घरातून सुरू होते. तिने उघडले. रव्याचे तीन पुडे निघाले, तिन्ही फोडलेले. पोहे दोन जागी. मुगाची डाळ, जी संपली म्हणून तिने आदल्या दिवशीच मागवली होती. ती हसून राहिली, मी हसून राहिली, श्वेता शेजारून म्हणे, "कशाले खिदळता दोघी?" त्या आठवड्यात पोरीने काही विकत घेतले नाही, रव्याचेच सात प्रकार केले.

तेव्हापासून दर रविवारी तिचा फोन येतो. मी तिला पैसे थोडे ठेवून जात आहे, पण हे पुरेल : उपाशीपोटी बाजारात जाऊ नये. यादी संपल्यावर लिहू नये, संपत आल्यावर लिहावी. एकावर एक फुकट असेल तर आधी पहिला तरी हवा होता का, ते विचारावे. आणि काटकसर स्वतःच्या ताटात करावी, दुसऱ्याच्या नाही. हे शेवटचे मी कसे शिकली ते पुढच्या कलमात येते. ते लिहायला मन घेत नाही, पण लिहिते.

कलम सहा. घराची वाटणी.

भाऊबीजेनंतर मी नागसेनना विचारले. ते म्हणाले, "आजी, तुम्हीच दोन भाग करा आणि कोणाला कोणता ते लिहा." मी पेन घेऊन तीन दिवस बसली. जमेना. हात अंकुशकडे झुके. तो इथे राहतो, औषध आणतो, रोज दिसतो. मग लतिकेची खोली आठवे आणि हात तिकडे झुके. वाटणारीचा हात सरळ राहत नाही.

मग संक्रांतीला अंकुशला म्हटले, "घराचे दोन भाग कर गा, कागदावर. तू मापाचा पक्का आहे."

दोन दिवसांत नकाशा आणला. एक भाग म्हणजे खालचे सगळे घर, स्वयंपाकघर, नळ, आंगण. दुसरा भाग म्हणजे वरची टिनाची खोली आणि अर्धी गच्ची. वर नळ नाही. जिना आमच्या स्वयंपाकघरातून.

"लतिकाले वरचं पुरते," तो म्हणाला. "एकटीच तर आहे."

मी म्हटले, "चांगला केला. आता लतिका पहिले उचलेल. उरला तो तुझा."

त्याचा चहाचा कप तसाच राहिला. दारात श्वेता उभी होती. तिने तोंडाला पदर लावला, पण हसू काही आवरेना. "बसा आता टिनाखाली," ती म्हणाली. "मे महिन्यात मजा येईन."

अंकुशला राग आला. "आई, तू मले चोर समजते का?"

"नाही गा. मी मले समजते."

आणि त्याला ते सांगितले, जे कोणाला सांगितले नव्हते.

आमच्या गल्लीत सात घरांचा गहू उन्हाळ्यात एकदम कळमन्याच्या बाजारातून यायचा. एकच टेम्पो, ठोक भाव. किरकोळीच्या मानाने वर्षात महिनाभराचा गहू फुकट पडायचा. आंगण माझे, तराजू माझा, म्हणून मोजून देणारी मी. नियम माझ्या आईच्या गावचा होता : जी ढीग करते तिने शेवटी उचलायचे. बाकीच्यांनी आपापले आवडीने न्यावे, जे राहील ते तिचे. त्यामुळे मोजणारी आपोआप सरळ मोजते. किती वर्षे कोणाची तक्रार नव्हती.

नव्याण्णव साली टेम्पोवर अवकाळी पाऊस पडला. एका कट्ट्यात, म्हणजे पोत्यात, हात घातला तर आत गरम लागले. ओल गेली होती. बोलायला पाहिजे होते. सगळ्यांनी थोडा थोडा वाटून घेतला असता, दोन दिवस वाळवला असता, काही बिघडले नसते. पण लतिका तेव्हा पहिल्या बाळंतपणाला घरी आलेली होती. मी तोंड मिटले, आपले दोन चांगले कट्टे आधीच आत ओढून ठेवले, आणि तो कट्टा भिंतीला लावून ठेवला. सात घरांतल्या एक यमुताई, त्या दवाखान्यात आया होत्या. ड्यूटी करून त्या सगळ्यांच्या शेवटी आल्या. तो त्यांना गेला.

पोळ्याच्या सणापर्यंत त्यांच्या गव्हात सोंडे झाले. घरात चार पोरे. पुढच्या वर्षी त्यांनी आमच्यात पैसे घातले नाहीत, दुकानातून पाकिटाचा आटा आणू लागल्या. आणि मी काय केले? गल्लीत म्हणत फिरली, यमुताई फार तोऱ्याची झाली, आटावाली झाली. लोकही आटावाली म्हणू लागले. पंचवीस वर्षे मी त्यांच्यावर राग धरला. ज्याचे आपण वाईट केले त्याचा राग धरणे फार सोपे जाते, त्याच्याकडे पाहावे लागत नाही.

अंकुशने सगळे ऐकले. मला वाटले, आईचे ऐकून नरम पडेल. तो म्हणाला, "यमुमावशीले सांगितलं?"

"नाही."

"पहिले तिले सांग. मग मले शिकव."

माझाच मुलगा आहे.

मार्चमध्ये नवा गहू आला तेव्हा मी दोन कट्टे रिक्षात घालून तीन घरे पलीकडे गेली. तीन घरांसाठी रिक्षा, हा माझ्या आयुष्यातला सगळ्यात महाग किराणा. यमुताई ओट्यावर लसूण सोलत होत्या. मी उभ्यानेच सांगितले. त्यांनी पाकळी सोलून वाटीत टाकली.

"मले ठाऊक होतं वं," त्या म्हणाल्या. "सगळे कट्टे आंगणाच्या मधात होते. एकच भिंतीले टेकून, ओला डाग भिंतीकडं."

"मग बोलल्या काहून नाही?"

"घरात बाळंतीण होती तुह्या. तिच्या पोटात गेलं, जाऊ दे म्हटलं. पण तू मले आटावाली म्हटलं, ते नाही गेलं."

मी खाली बसली. त्यांनी लसणाची अर्धी परडी माझ्याकडे सरकवली. दोघींनी मिळून सोलला. निघताना म्हणाल्या, "एक कट्टा ठेव. दुसरा घेऊन जा. माझा एकच गेला होता."

त्यांना या कागदात काही ठेवायची माझी इच्छा होती. नागसेन म्हणाले, साक्षीदाराला काही देता येत नाही. मी यमुताईंना विचारले, वस्तू घेता की साक्षीला येता? त्या म्हणाल्या, "साक्षीले येते. तुह्या वाटपावर कोणीतरी नजर ठेवाले पायजे."

अंकुशला हे सगळे सांगितले. तो टेप घेऊन वर गेला. आठ दिवस तो आणि श्वेता वर-खाली करत होते. कधी भांडत, कधी हसत. मग दुसरा नकाशा आला, आणि नकाशावर थांबला नाही. त्याने आपल्या पैशाने आंगणातून बाहेरचा जिना घेतला, वर नळ नेला, टिन काढून स्लॅब टाकला, वर स्वयंपाकाचा ओटा केला. आंगण आणि गच्ची निम्मी निम्मी. खालच्या भागाला सावली जास्त, वरच्या भागाला हवा जास्त. जिन्याचे सिमेंट वाळले त्या दिवशी तो वरच्या पायरीवर बसला आणि म्हणाला, "आई, आता मलेच समजत नाही कोणता भाग चांगला."

मी म्हटले, "मग झालं वाटप."

तेव्हा मी लिहून देते की सोबत जोडलेल्या नकाशातले हे दोन भाग माझ्या मुलांना एकेक मिळावेत. पहिले लतिका उचलेल. उरेल तो अंकुशचा. जिन्याचा आणि स्लॅबचा खर्च त्याने कोणाकडून मागू नये, तो त्याच्या पहिल्या नकाशाचा दंड समजावा. तो मागणार नाही, मला ठाऊक आहे. लिहून ठेवायला काय जाते.

कलम सात. लतिका, हे तुझ्यासाठी.

तेरवी झाली की चौदाव्या दिवशी आंगणात उभी राहा. यमुताई असतील. बोट दाखवून सांग, हा भाग माझा. एवढेच.

"दादा, तुले कोणता पायजे?" असे विचारायचे नाही. वहिनीला विचारायचे नाही. त्याच्या तोंडाकडे पाहायचे नाही. तू पाहशील, मी तुला ओळखते. तू पोळ्या वाढतेस तेव्हा फाटलेली पोळी आपल्या ताटासाठी बाजूला ठेवतेस. शाळेत दीडशे पोरांना खिचडी वाढून भांड्याला लागलेली घरी आणतेस. मी मोजायची म्हणून शेवटी उचलायची, तो नियम होता. तू कधी ढीग केला नाहीस, तरी जन्मभर शेवटीच उचललेस. त्याला नियम म्हणत नाहीत बाई. ती सवय आहे, आणि ती मी लावली. तुझ्या दादाला आधी वाढून मीच लावली. गव्हाची चूक मी एकदा केली, ही रोज केली.

चुकीचा भाग निवडशील अशी भीती नको, चुकीचा भाग त्यात नाहीच, तुझ्या भावाने तशी सोय ठेवली नाही.

आणि हक्क सोडायची तुझी जी गोष्ट आहे, तिच्यासाठी अट घालते. आधी पूर्ण एक वर्ष त्या भागात राहा. स्वतःची चूल मांड. उमरेडच्या खोलीची किल्ली घरमालकाला देऊन ये. उन्हाळ्यात श्वेतासोबत कळमन्याला जा आणि आपल्या घरापुरता वर्षाचा गहू भर. तो संपेपर्यंत सोडायचे नाव काढायचे नाही. त्यानंतर वाटले तर खुशाल सही कर.

नागसेन म्हणाले, "आजी, ही अट कोर्टात टिकणार नाही." मी म्हटले, कोर्टासाठी लिहिलीच नाही, लतिकेसाठी लिहिली. तिच्यापुढे टिकली म्हणजे झाले. कोठीत वर्षाचा गहू असताना बाई घर सोडत नाही.

वरील सर्व मजकूर मी लिहिला, चष्मा लावून पुन्हा वाचला, मला तो कबूल आहे.

भागीरथा मधुकरराव लांजेवार (सही)

भागीरथाबाईंनी आमच्या डोळ्यांदेखत सही केली आणि आम्ही त्यांच्या डोळ्यांदेखत केली. त्या वेळी त्या हुशारीत होत्या आणि आम्हाला चहा त्यांनीच केला.

साक्षीदार :

१. यमुताई किसन वाकोडे, झिंगाबाई टाकळी (सही). कलम सहा दोन वेळा वाचले. बरोबर लिहिले आहे.

२. नागसेन रंगारी, वकील, झिंगाबाई टाकळी (सही)

स्थळ : नागपूर
दिनांक : २० मे २०२५, मंगळवार